फॅशन डिझाइनच्या कलेक्शनसाठी आर्किटेक्टच्या कामातून प्रेरणा कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एखाद्या अग्रणी आर्किटेक्टच्या कामावरून सहा कपड्यांचं कलेक्शन करायचंय, झाहा हदीद ठरवलीय, मूडबोर्ड (कल्पना चिकटवायचा तक्ता) फोटोंनी भरलाय आणि पुढे काही सुचत नाही. सुचणारही नाही. फोटोवरून फार तर प्रिंट सुचते. ज्या इमारतीला हात लावता येईल अशी निवडा.

२००९ साली माझं शेवटचं वर्ष होतं आणि मी बाळकृष्ण दोशी घेतले होते. वर्गात हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. माणूस पुण्यात जन्मलेला, १९२७ सालचा, घरचा व्यवसाय फर्निचरचा. पॅरिसला ल कॉर्बुझिए या नामांकित आर्किटेक्टच्या हाताखाली काम करून पुढे अहमदाबादला स्थायिक झाले. २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मोठं पारितोषिक, मिळालं, असे ते पहिले भारतीय, आणि मग पुण्याला एकदम आठवण झाली की हे तर आपले. मला ते नऊ वर्षं आधीपासून आपले वाटत होते.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने अहमदाबाद गाठलं. 'संगाथ' म्हणजे दोशींचं ऑफिस, १९८० च्या सुमाराचं. अर्धी इमारत जमिनीत, वर लांबट अर्धगोल छपरं आणि त्यांच्यावर पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे बसवलेले. तिथे मी तासभर फक्त ते तुकडे बघत होते. लांबून एकच पांढरा दिसतो. जवळ गेलं की एक तुकडा निळसर, शेजारचा सायीसारखा पिवळट, मध्ये सिमेंटची राखाडी रेघ, आणि एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. छपराच्या आतही थर आहेत : काँक्रीटच्या मध्ये मातीच्या पोकळ टाइल्स, म्हणजे ऊन आत पोचायच्या आधीच अडतं. पावसाचं पाणी त्या उतारांवरून पन्हळीत आणि तिथून हौदात.

दुपारी 'अमदावादनी गुफा' पाहिली. एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी दोशींनी जमिनीखाली बांधलेली. बाहेर नुसते घुमट, त्यांच्यावरही टाइल्सचे तुकडे.

घरी आले आणि अडले. कसबा पेठेत आईचं ब्लाउज शिवण्याचं दुकान. तिला स्केचेस दाखवून विचारलं, टाइल फोडून का लावली असेल? तिने वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, तांदळाच्या डब्याभोवती गुंडाळलं. एकही चुणी नाही. म्हणाली, "ही बाही." मग पातेलं उपडं घातलं आणि तेच पान त्याच्यावर दाबून बसवलं. कडेला चुण्याच चुण्या. "आता ह्या कुठे घालवशील?" एकेक चुणी चिमटीत धरून कात्रीने कापली. "हे टक्स. आणि तुकडे करून जोडलंस तर कटोरी. अगं, ते काय नवीन आहे?"

संगाथचं छप्पर म्हणजे बाही, गुफेचा घुमट म्हणजे कटोरी! सपाट वस्तू एकाच दिशेने वाकवता येते, दोन दिशांना वाकवायची तर कापावीच लागते, मग ती टाइल असो की पॉपलीन. पॅटर्न मेकिंगच्या वर्गात दोन वर्षं जे वहीत उतरवलं, ते त्या पातेल्यावर कळलं.

मशीनखाली अस्तराच्या कात्रणांचं पोतं असायचं. त्यातले सगळे पांढरे वेगळे काढले आणि जॅकेट केलं. वर कात्रणं, मध्ये कापूस, आत मलमल, गोधडीसारखा हाताने धावदोरा, दोरा मुद्दाम राखाडी. छातीपाशी तुकडे लहान, घेराकडे मोठे होत गेलेले. अख्ख्या जॅकेटला एक टक्स नाही, सगळा आकार जोडणीतून आलेला. अकरा रात्री गेल्या.

बाहेरून आलेल्या ज्युरींनी लांबूनच विचारलं, "यात बिल्डिंग कुठे दिसते?" मी म्हटलं, सर, उलटं करून बघा. त्यांनी हात लावला नाही. पहिला नंबर इमारतीचा दर्शनी भाग छापलेल्या गाउनला गेला. प्रिंट चांगली होती, मैत्रिणीवर राग नाही. पण बिल्डिंग दिसलीच पाहिजे हा आग्रह चूक होता आणि आजही चूक आहे. फॅशन डिझायनर पाको राबान आर्किटेक्चर शिकलेला होता. १९६६ मध्ये त्याने प्लास्टिकच्या चकत्या धातूच्या कड्यांनी जोडून ड्रेस केले, सुई-दोरा नाहीच. त्यात कुठली इमारत दिसते? जियानफ्रांको फेरे हा इटालियन डिझायनर तर आर्किटेक्चरची पदवी घेतलेला, आणि नाव झालं पांढऱ्या शर्टांमुळे. दोघांनीही आर्किटेक्चरमधून जोडणी उचलली, चित्र नाही.

झाहा हदीद वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्या अझरबैजानमधल्या बाकूच्या इमारतीत जमीन, भिंत, छप्पर एका ओघात वाहतात. तो ओघ कापडात आणायला उरेबवर, म्हणजे कापड तिरकं धरून, ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड टाकून आकार देणं) करता यायला हवं. तुमचा हात बसला असेल तर जरूर करा. नसेल आणि अहमदाबादला जायला वेळ नसेल, तर पुणे विद्यापीठात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी बांधलेली. भिंतींवर काळ्याचे तीन प्रकार आहेत : खडबडीत बेसॉल्ट, वर कडाप्पा, त्याच्यावर चकचकीत ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. तीन काळी कापडं घेऊन बसलात तरी एक कलेक्शन होईल. जाण्याआधी परवानगी विचारा, संगाथ असो की आयुका.

कापड कोणतं हेही विचारलंय. ते मसलिनमध्ये, म्हणजे चाचणीच्या साध्या सुती कापडात, पॅटर्न उभा राहिल्यावर ठरवा.

आणि मार्क हवे असतील तर छपराचा उभा छेद आणि तुमचा पॅटर्न एकाच शीटवर शेजारी-शेजारी काढून लावा. मी तो लावला नव्हता, हे मला मान्य आहे.

आईचं दुकान आता मी चालवते. जॅकेट तिथेच खुंटीला आहे. बगलेत दोन तुकडे उसवलेत, ते मी शिवलेले नाहीत. तिथून आतला कापूस आणि मलमल दोन्ही दिसतात.