हॅलोजन हेडलाइटमध्ये नुसता एचआयडी (हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज) बल्ब बसवला तर चालेल का?

बसेल, पेटेलही, पण रिफ्लेक्टरवाल्या हेडलाइटमध्ये बसवू नका. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. एचआयडीमध्ये फिलामेंटच नसते, वायूतल्या विद्युत ठिणगीतून उजेड पडतो. उगमाचा आकार बदलला की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय ३५ वॅटचा एचआयडी ५५ वॅटच्या हॅलोजनच्या साधारण दुप्पट, म्हणजे ३००० ल्युमेनच्या आसपास उजेड देतो, त्यामुळे त्रासही तेवढाच वाढतो. एचआयडीसाठीच बनवलेला प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा), बॅलास्ट (बल्बला लागणारी वीज नेमकी पुरवणारं उपकरण) आणि झोताची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा असा पूर्ण संच घालणार असाल तर गोष्ट वेगळी. मात्र तुमच्याकडच्या नियमांत ते बसतं का, हे आधी पाहा. ६०००के (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) वगैरे निळसर बल्बच्या मोहात पडू नका, ४३००केचा जास्त उजेड देतो.