स्टारसेक्टर गेम घ्यावा का, आणि त्यात नुसता व्यापार करून खेळता येतं का?

तुम्ही विचारलंय की रिव्ह्यू वाचले तर अर्धे लोक स्टारसेक्टरला डोक्यावर घेऊन नाचतात आणि अर्धे म्हणतात ट्रेडिंग बोअर आहे, शेवटी लढाईच करावी लागते, तर नुसता माल ने-आण करून हा गेम खेळता येईल का. येतो. मी खेळलोय. आणि "ट्रेडिंग बोअर आहे" हे वाक्य दिसलं की मला राहवत नाही, कारण हेच वाक्य मी २०२१ पासून माझ्या मावसभावाच्या तोंडून ऐकतोय. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

गेम काय आहे ते तुम्हाला माहीत असणारच, अवकाशात जहाजांचा ताफा घेऊन फिरायचं, व्यापार करायचा, लढायचं, म्हणून तिथे वेळ घालवत नाही. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानात, नाही, बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घ्यावा लागतो, १५ डॉलर, म्हणजे तेराशेच्या आसपास रुपये, एकदा घेतला की पुढचे सगळे अपडेट त्यातच. फ्रॅक्टल सॉफ्टवर्क्स म्हणून छोटी टीम आहे, २०११ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा नाव स्टारफेअरर होतं, २०२५ च्या मार्चमध्ये ०.९८ व्हर्जन आलं. इतकी वर्षं झाली तरी १.०, म्हणजे पूर्ण व्हर्जन, नाही म्हणून लोक बोंबलतात, मला त्याचं काहीच वाटत नाही. आहे त्यातच शेकडो तास जातात आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

आता मूळ मुद्दा. मी कोल्हापूरकडचा. पप्पांची दहा चाकी गाडी होती, सीझनला गुळाचे रवे भरून गुजरातला जायचे आणि येताना मोरबीच्या फरश्या नाहीतर जे मिळेल ते भाडं घेऊन यायचे. घरात एक लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर असायचं, डाव्या पानावर डिझेल, टोल, हमाली, क्लीनरचा भत्ता, उजव्या पानावर जातानाचं भाडं आणि त्याखाली येतानाचं. येतानाच्या ओळीत काही नसलं की पप्पा दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलायचे नाहीत. हे मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे माल वाहून नेणं हे मला कधीच बोअर काम वाटलेलं नाही.

मावसभाऊ पुण्यात असतो, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, गेम त्यानेच मला घेऊन दिला, ते मी मान्य करतो. २०२१ च्या दिवाळीत आमच्याकडे आला होता आणि मी खेळत असताना खुर्ची ओढून शेजारी बसला. माझ्याकडे तेव्हा एक कोलोसस हे मालवाहू जहाज होतं, त्यात ९०० युनिट माल बसतो, एक बफेलो, तेही मालवाहू, ३०० चं, इंधनासाठी एक ड्रॅम, आणि राखणीला एक हॅमरहेड आणि एक वुल्फ ही लढाऊ जहाजं. चिकोमोझ्टॉकवर, म्हणजे हेजिमनी ह्या गेममधल्या मोठ्या सत्तेची राजधानी, तिथे मोठे कारखाने आहेत, तिथून मी ४०० युनिट हेवी मशिनरी उचलली होती. गिलियडला, तो लडिक चर्च ह्या धार्मिक सत्तेचा शेतीवाला ग्रह आहे, तिथे मशिनरीची टंचाई लागली होती आणि भाव चढला होता. जवळचे साठ हजार क्रेडिट सगळे मालात घातले आणि सप्लाय, म्हणजे जहाजं चालती ठेवायला आणि दुरुस्तीला लागणारं सामान, फक्त साठेक युनिट घेतले, कारण सप्लायच्या एका युनिटला शंभरच्या आसपास पडतात आणि माझ्या हिशेबाने सरळ जाऊन पोहोचायला तेवढे बास होते.

सरळ गेलो असतो तर पोहोचलोच असतो.

हायपरस्पेसमध्ये, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायच्या वाटेवर, पायरेट्सचा एक छोटा ताफा दिसला, आमच्यापेक्षा कमजोर, आणि ते आम्हाला बघून पळायला लागले. मी सोडून देत होतो. भाऊ म्हणाला, "अरे सोडतोस काय, मार की, लूट मिळेल, असा ट्रक हाकत बसणार आहेस का दिवसभर." मोठा भाऊ शेजारी बसलाय, गेम त्याने दिलाय, मी गाडी वळवली. पाठलाग करत रस्ता सोडून बरंच आत गेलो, तेही सस्टेन्ड बर्नवर, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या भरधाव वेगाने, आणि त्या नादात सरळ वादळात घुसलो. ढगांमधली ही वादळं जहाजांना झोडपतात, वेग कमी करून हळू गेलं तर वाचता येतं, पण पाठलागात हळू कोण जाणार. शेवटी गाठले, लढलो, जिंकलो. लूट मिळाली थोडे सप्लाय आणि थोडे मेटल. पण लढाईत उतरवलेल्या प्रत्येक जहाजाची लढायची तयारी, गेममध्ये तिला सीआर म्हणतात, ती परत वर आणायला सप्लाय लागतात, वादळाने केलेलं नुकसान भरायला परत सप्लाय, हॅमरहेडच्या दुरुस्तीला आणखी. जितके मिळाले त्याच्या दुप्पट गेले. जिंकलेल्या लढाईत आम्ही खड्ड्यात गेलो आणि भाऊ शेजारी बसून टाळी मागत होता.

मॅप उघडला तर इंधन कुठवर पुरेल ते दाखवणारं वर्तुळ गिलियडच्या अलीकडेच संपत होतं. तरी रेटलं. सप्लाय आधी संपले, मग इंधन. इंधन संपलं की ताफा जवळच्या ताऱ्याकडे वाहत जातो, तसा एका ओसाड ताऱ्यापाशी गेला, तिथे ना स्टेशन ना वस्ती. डिस्ट्रेस कॉल लावला. कधी खरंच मदत येते आणि थोडं इंधन देऊन जातात, कधी तो कॉल ऐकून पायरेट्स येतात. आमच्याकडे पायरेट्स आले. सीआर इतका पडला होता की हॅमरहेड लढाईत उतरवण्यासारखं राहिलंच नव्हतं. कोलोसस गेलं, मशिनरी गेली, सगळं गेलं.

तेवढ्यात पप्पा चिवड्याची ताटली घेऊन आत आले, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं काय झालं. मी सांगितलं, असा असा माल घेऊन निघालो होतो, मध्येच बुडालो. त्यांनी लढाईचं काही विचारलं नाही, इंधनाचंही नाही. म्हणाले, "येताना काय भरणार होतास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी येतानाचा विचारच केला नव्हता. भाऊ हसला आणि म्हणाला, "काका, गेम आहे तो. आणि ट्रकवाल्याचं पोर गेममध्ये पण ट्रकच चालवणार." पप्पा काही बोलले नाहीत, ताटली ठेवून गेले. मला ते लागलं. आजही लागतं. हसण्यासारखं त्यात काय होतं मला कळलेलं नाही, त्याच गाडीवर माझं इंजिनिअरिंग झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याला गेल्यावर मी गेममध्ये पहिल्यापासून नवीन करिअर सुरू केलं आणि दोन आठवड्यांत तेवढाच ताफा परत उभा केला, पण ह्या वेळी वही घेऊन बसलो. जहाज भरलेलं असो की रिकामं, हायपरस्पेसमध्ये इंधन तेवढंच जळतं, ते जहाजावर ठरतं, मालावर नाही. म्हणजे रिकामं परत येणं हा निव्वळ तोटा. मग बघत बसलो की गिलियडवरून काय निघतं. अन्न निघतं, स्वस्त, भरपूर. आणि चिकोमोझ्टॉकवर लोकसंख्या सगळ्यात मोठी, त्यांना अन्न बाहेरूनच लागतं. व्यापारी ताफे वाटेत लुटले गेले की अशा ठिकाणी टंचाई होते आणि भाव चढतो. अन्नाचा मूळ भाव वीसच्या आसपास, म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. मी थांबलो, चिकोमोझ्टॉकला टंचाई लागली तेव्हाच निघालो. जाताना मशिनरी, येताना १,०५० युनिट अन्न. सप्लाय ह्या वेळी दीडशे. वादळ दिसलं की वेग कमी.

परतीच्या वाटेवर लडिक पाथवाल्यांनी अडवलं, तो त्याच धर्मातला कडवा गट, ते धर्माच्या नावाने वर्गणी मागतात. मी मोजून दिली. भाऊ असता तर लढला असता. लढलो असतो तर सप्लाय त्या वर्गणीच्या दुप्पट पैशांचे गेले असते, हे वहीत मांडून बघितलं होतं. पोहोचलो. मशिनरीवर चांगले सुटलेच, पण नुसत्या अन्नावर येतानाचं इंधन आणि सप्लाय निघून वर नऊ हजार राहिले. नऊ हजार म्हणजे ह्या गेममध्ये काहीच नाही, मला माहितीये. वहीत येतानाच्या ओळीत आकडा आला, मला तेवढं पुरे होतं. पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, हमाली धरली नाहीस का. मी म्हटलं इथे हमाली नसते, टॅरिफ असतो, म्हणजे बाजाराचा कर.

तर टॅरिफ. इथे ट्रेडिंगला शिव्या देणाऱ्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. उघड्या बाजारात ३० टक्के टॅरिफ आहे, घेतानाही आणि विकतानाही. १०० चा माल तुम्हाला १३० ला पडतो, आणि १०० च्या भावाने विकला तर हातात ७० येतात. म्हणजे भाव १८५ च्या वर गेल्याशिवाय तुम्ही मुद्दलातसुद्धा येत नाही. त्यामुळे जो माणूस नुसता इकडून घेऊन तिकडे विकायला जातो तो दोन फेऱ्यांत कंटाळतो आणि रिव्ह्यू लिहितो की ट्रेडिंगमध्ये पैसा नाही. टंचाई असेल तिथेच जायचं. बाजारात मालावर माउस नेऊन एफ१ दाबलं की कुठे स्वस्त आणि कुठे महाग ते दिसतं, हे न बघता शिव्या देणारे मी पुष्कळ बघितलेत. सगळा माल एकाच बंदरात ओतला की भाव पडत जातो, दोन ठिकाणी वाटून विका. ब्लॅक मार्केटला टॅरिफ नाही, पण तिथे जास्त उलाढाल केली की संशय वाढतो, मग गस्तीवाले अडवून माल तपासतात. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ताफ्याची ओळख सांगणारं यंत्र, बंद करून रात्रीच्या गाडीसारखं गुपचूप बंदरात शिरता येतं. सुरुवातीला ब्लॅक मार्केटशिवाय पोट भरत नाही, माझं स्पष्ट मत आहे.

बरं, आता थोडं दुसऱ्या बाजूने. एकदाही न लढता अख्खा गेम काढता येतो असं मी म्हणत नाहीये. कुणीतरी कधीतरी गाठणारच. आणि लढाई खरंच सुंदर बनवलीये, फ्लक्स, म्हणजे तोफा आणि ढाल वापरली की जहाजावर साठत जाणारा भार, सांभाळत ढाल उघडायची-मिटायची ते हाताला बसायला वेळ लागतो पण बसल्यावर मजा आहे, हे भावाचं म्हणणं बरोबर आहे. बाउंटी, म्हणजे कुणाला तरी मारायची सुपारी, घेतली तर पैसा पटकन येतो हेही खरं. आणि पुढे जाऊन स्वतःची कॉलनी, म्हणजे ग्रहावर वसाहत, टाकली की दर महिन्याला इतकं उत्पन्न येतं की माल वाहायची गरजच उरत नाही. तिथे मला स्वतःला गेम थोडा फिका वाटतो. मी कॉलनी टाकायलाच उशीर करतो. तुम्हाला फक्त व्यापारच करायचा असेल आणि लढाईचा अजिबात कंटाळा असेल तर घ्यायच्या आधी कुणाचा तरी खेळतानाचा व्हिडिओ तासभर बघा. डेमो नाही.

एक राहिलं, नकाशात नरक नावाचं एक तारामंडळ आहे आणि त्यात यम आणि नचिकेत ह्या नावांच्या जागा आहेत. दुसरं एक मयासुर नावाचं आहे. पहिल्यांदा नचिकेतवर माल उतरवला तेव्हा आईला बोलावून स्क्रीनवरचं नाव वाचून दाखवलं, तिला अगदी बरं वाटलं.

घेऊन टाका. पहिल्या फेरीला कोलोससच्या मागे लागू नका, एक बफेलो आणि एक टँकर पुरे, सप्लाय हिशेबापेक्षा दुप्पट घ्या आणि कुणी कितीही सांगितलं तरी पळणाऱ्याच्या मागे रस्ता सोडून जाऊ नका.

आणि दादा, तू हे वाचतोस मला माहितीये, मागच्या गणपतीत तुझा सेव्ह मी बघितलाय. तीन अ‍ॅटलस मालवाहू जहाजं आहेत तुझ्याकडे, दोन दोन हजार युनिट मालाची, आणि तिन्ही रिकामी फिरवत होतास. पप्पांनी पण बघितलं ते. त्यांनी मला काय विचारलं असेल ते तूच सांग.