मुका डिटेक्टिव्ह खुनी सांगायचा कसा?

प्रश्न : आमच्या आजोबांना टीव्हीवरच्या खुनाच्या मालिकांचा लई नाद. परवा जेवताना मधीच म्हणले, पिक्चरला आवाज नव्हता तवा डिटेक्टिव्ह चोर कोण ते सांगायचा तरी कसं? मला काय सांगताच आलं नाही बघा. – एक वाचक, परभणी

उत्तर : आजोबांनी बरोबर नस धरली. पण गंमत अशी की सुरुवातीला तो काही सांगायचाच नाही. शेरलॉक होम्स पडद्यावर पहिल्यांदा आला १९०० साली, अमेरिकेत, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा पिक्चर. पडद्यावर तरी कुठला, पेटीत डोळा लावून हँडल फिरवायचं, आपल्या माळेगावच्या जत्रेतली बायोस्कोपची पेटी आठवा, तसलंच. त्यात चोर चांदीची भांडी पोत्यात भरतोय, होम्स खांद्याला हात लावतो की चोर गायब! शेवटी पोतं होम्सच्या हाती लागतं तर तेबी हातातून गायब, अन् चोर ते घेऊन खिडकीतून पसार. कॅमेरा थांबवून माणूस बाजूला करायचा, पुन्हा चालू करायचा, एवढीच ट्रिक. डोकं लढवणं बिढवणं काय नाही.

मग १९१३ ला, म्हणजे आपला 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच वर्षी, फ्रान्समध्ये फुइयाड नावाच्या दिग्दर्शकानं 'फँटोमास' काढला, त्याच नावाच्या अट्टल चोराचा पिक्चर. हा तर सुरुवातीलाच नट कोणकोणत्या वेशात येणार ते दाखवून टाकतो! चोर कोण ते पब्लिकला आधीच माहीत, बघायचं एवढंच की पोलिसांच्या हातून निसटतो कसा. बोलायची गरजच मिटली की. बाकी जे सांगणं भाग असायचं ते दोन सीनच्या मधी दाखवायच्या लिहिलेल्या पाट्यांवर, नाहीतर चिठ्ठी मोठी करून दाखवायचे.

पण आजोबांना खरं उत्तर पाहिजे असेल तर अमेरिकेतला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा १९२४ चा 'शेरलॉक ज्युनिअर' दाखवा, पाऊण तासाचा आहे. थेटरात पिक्चर दाखवायचं मशीन चालवणारं पोरगं, डिटेक्टिव्ह व्हायचं पुस्तक वाचतंय, त्याच्यावरच घड्याळ चोरल्याचा आळ येतो. हे पठ्ठं मशीनपाशी झोपून स्वप्नात मोठा डिटेक्टिव्ह होतं अन् इकडं त्याच्या मनातली पोरगी सरळ गहाणवाल्याच्या दुकानात जाऊन विचारते, घड्याळ कुणी ठेवलं. तेवढ्यात तो चोर दुकानावरून चाललेला असतो, दुकानदार नुसतं बोट दाखवतो. झालं!