जुन्या मॅक्रॉस व्हॅल्किरी किटचे पिवळे पडलेले डीकल वापरता येतील का?

येतील, पण डीकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) थेट पाण्यात टाकू नका. व्हॅल्किरी म्हणजे १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या जपानी ॲनिमे मालिकेतलं लढाऊ विमान. इमाई आणि आरी या जपानी मॉडेल कंपन्यांच्या त्या वेळच्या किटने आता चाळिशी ओलांडलीय, त्यामुळे डीकल भिजताच तुकडे तुकडे होऊ शकतात. आधी शीट झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवा, पिवळेपणा बराच उतरतो. मग पारदर्शक ग्लॉस (चकचकीत) लॅकरचा पातळ हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. आता अख्खी शीट एकसंध झालेली असते, म्हणून प्रत्येक खूण अगदी कडेने कापावी लागते (कंटाळवाणं काम, पण करा). मॉडेलवरही आधी ग्लॉस हवाच. खरखरीत रंगावर डीकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. मॅट (बिनचमकीचा) कोट सगळ्यात शेवटी.