पोरीनं इंग्रजीच्या वर्गात घर सांगितलं

पत्र नागपूरच्या महाल भागातून एका आईचं आहे. थोडं कापून देते आहे.

‘मावशी, माझी मुलगी जूनमध्ये एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेली. मराठी शाळेतली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 6.5 हवे होते, 6 पडले, म्हणून विद्यापीठानं आधी 10 आठवडे इंग्रजीचा वर्ग लावला. तिथं प्रत्येकाला आपल्या घराबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं. हिनं काय सांगावं? उन्हाळ्यात लाईट गेली की आम्ही गच्चीवर झोपतो, आई डबे करते, बाबांचं इतवारीतलं कापडाचं दुकान बुडालं आणि आता ते ई-रिक्षा चालवतात. त्याच वर्गात आमच्या भिशीतल्या एका बाईंचा भाचा आहे. आठ दिवसांत सगळ्या भिशीला कळलं. आम्ही तिथं “यांचा धंदा आहे” एवढंच सांगितलं होतं. हे पोरीशी बोलत नाहीत. “काऊन सांगितलं बाप्पा तिनं?” एवढंच म्हणतात. पोळा जवळ आला, घरात सण वाटत नाही. तिला कसं समजवू?’

ताई,

तिला समजवायचं नंतर बघू. आधी तुमच्याशी बोलते, रागावू नका.

घर हा विषय तिनं उकरून काढलेला नाही. इंग्रजी शिकवणारे सुरुवातच तिथून करतात. आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, तिच्यातही आधी राहता कुठे, घरी कोण कोण, असलेच प्रश्न येतात. नवी भाषा बोलताना शब्द शोधण्यातच माणूस घामाघूम होतो. त्यात काय बोलायचं तेही शोधायला लावलं तर तोंडच उघडत नाही. घरचं सगळं आधीच ठाऊक असतं. आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नसतं, हीच त्यातली गंमत. वर्गात कुणी चिनी बोलणारं, कुणी अरबी, कुणी थाई. इंग्रजी सोडून एकमेकांशी बोलायची सोयच नाही. कुणीतरी मनापासून विचारतं, ‘लाईट गेल्यावर तुम्ही करता काय?’ आणि हिला तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं.

आपल्याकडच्या क्लासमध्ये ‘माझं गाव’ छापील मिळतं. संत्री, झिरो माईल, दीक्षाभूमी. मी ऐकलीत अशी उत्तरं. तीन वाक्यं झाली की पोरगं गप्प, कारण झिरो माईलच्या खांबाबद्दल त्याला स्वतःला काही म्हणायचंच नसतं.

तुम्ही तिचा मेसेज पत्राला जोडलाय. तो रागात वाचला असावा, म्हणून त्यातला एक भाग पुन्हा सांगते. तिचं झाल्यावर बसऱ्याची, म्हणजे इराकमधली, एक मुलगी तिच्याजवळ आली. म्हणाली, आमच्याकडेही गच्चीवर झोपतात. मग तिनं वहीच्या मागच्या पानावर कूलर काढून दाखवला: पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून ठिबकणारं पाणी. तुमच्या खिडकीतला कूलर दुसरा काय आहे? दोघींचा वाद कशावर, तर पाऊस लागला की आपला कूलर गार वारा सोडून नुसता चिकचिकाट का करतो. तिकडे आखातावरून दमट वारा सुटला की त्यांचीही तीच गत होते म्हणे. हवा कोरडी असेल तरच ताटीतलं पाणी उडतं आणि वारा गार होतो, हे तुमच्या लेकीनं तिला इंग्रजीत समजावलं. अडखळत, हातवारे करत, पण समजावलं. अर्ध्या गुणानं अडलेली मुलगी ही! छापील उत्तर दिलं असतं तर ती इराकची पोरगी उठून तिच्याजवळ आली असती का?

वर्गात कुणी हसलं नाही, ताई. गोष्ट नागपुरात आणली ती त्या भाच्यानं. त्यानं स्वतः घरचं काय सांगितलं, ते मात्र भिशीत कुणी बोललं नाही, बघा. आणि तुम्ही सांगितलेलं तरी खोटं कुठे ठरलं? ई-रिक्षा हा धंदाच आहे.

आता तुमच्या बाजूचं. गच्ची तिची आहे, कूलर तिचा आहे, त्याबद्दल तिनं हवं ते बोलावं. दुकानाचं तसं नाही. दुकान कसं गेलं, त्यानंतर माणसानं काय गिळलं, हे बापाचं आहे. त्यांना न विचारता ते वर्गात सांगायला नको होतं. तिनं कौतुकानंच सांगितलं असेल, तरी विचारायला हवं होतं. हे एवढंच तिच्याशी बोला. ‘घराची लाज काढलीस’ हा शब्द मात्र काढू नका. तो ऐकला की ती घराबद्दल बोलणं सोडून देईल, आधी वर्गात आणि मग तुमच्याशीही.

यांचा अबोला तुम्ही मध्यस्थी करून सुटायचा नाही. त्यांना काम द्या. तिचं शेवटचं, मार्कांचं भाषण सप्टेंबरात आहे आणि मारबतीवर, आपल्या नागपुरातल्या त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, बोलू का, असं ती विचारतेय. काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, एवढं तिला कुठेही वाचायला मिळेल. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत दुकानाच्या ओट्यावर उभं राहून मिरवणूक कशी दिसायची, बडगे, म्हणजे ते टिंगलीचे पुतळे, कुणाकुणाच्या नावानं निघायचे, गर्दीत ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी उठली की गिऱ्हाईक सोडून सगळे बाहेर कसे धावायचे, हे सांगायला तिच्या बाबांशिवाय कोण आहे? येत्या रविवारी संध्याकाळी फोन लावा. सध्या तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे आहे, तिची दुपार असेल. विषय काढून द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. तिला आधीच सांगून ठेवा, की त्यातलं वर्गात किती सांगायचं ते बाबांना विचार, आणि नाही म्हणाले तर नाही.

भिशीतल्या बाईंना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. फारच टोचून बोलल्या तर यांच्या ई-रिक्षाचा मोबाईल नंबर देऊन टाका. इतवारीत गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यांनाही लागेलच कधीतरी.

तुमची,
मावशी