शिकारी रूप दिलेली जुनी लष्करी रायफल: सुरुवात कुठून कराल

अशी रायफल घेतलीत, अभिनंदन! मॉडेल १९०३ स्प्रिंगफील्ड, म्हणजे अमेरिकी लष्कराची जुनी रायफल, कुणी हौसेने शिकारीसाठी बदलून घेतली, म्हणून ती बिघडवलेली ठरत नाही.

आधी चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना, ते स्वतः बघा. मग लाकूड पोलादाला भिडतं तिथे नख फिरवा. फट लागली नाही तर कारागिराचा हात पक्का होता. पकडीवरच्या चौकडीच्या रेषा कडेबाहेर गेल्यात का, तेही भिंगातून पाहा. मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

नवीन माणूस हमखास दोन चुका करतो:
- दस्ता घासून चकचकीत करतो.
- पोलादावर नवा निळा मुलामा चढवतो.

कृपया दोन्ही नकोत.

गोळी झाडण्यापूर्वी रायफलवर कोरलेला अनुक्रमांक वाचा. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचा ८,००,००० खालचा असेल तर रिसिव्हर (नळी ज्यात बसते तो पोलादी सांगाडा) ठिसूळ असू शकतो, ती झाडू नका. वरचा असला तरी आधी गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) दाखवा. रायफलवर दुर्बीण बसवायचं नंतर बघू.