जर्मनीत दहाव्या वर्षीच मुलांचं भविष्य ठरतं का? नाशिकहून निघालेल्या एका आईच्या प्रश्नाचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की यजमानांची तीन वर्षांसाठी श्टुटगार्टजवळ नेमणूक झाली आहे, सप्टेंबरात निघायचंय, मुलगी गंगापूर रोडच्या सीबीएसई शाळेत चौथीला आहे. आणि कुणीतरी सांगितलं की तिकडे दहाव्या वर्षीच पोरांची वाटणी करून टाकतात, म्हणून इंटरनॅशनल शाळेचा विचार चाललाय. आम्ही त्याच भागात मुलांना सरकारी शाळेत घालून राहिलोय. आता सातपूर-अंबडहून जर्मनीला निघालेली कुटुंबं हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय आहे. १६ राज्यं, प्रत्येकाचे नियम आणि सुट्ट्या वेगळ्या. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, तुम्ही जाताय त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथीपर्यंत. म्युनिकला राहणाऱ्या नातेवाइकांचा सल्ला म्हणूनच जपून ऐका. त्यांच्या बव्हेरियात चौथीच्या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस मिळते. (तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास. आजी-आजोबांना फोनवर 'गणितात एक मिळाला' सांगण्याआधी हे समजावून ठेवा.)

आता वाटणीबद्दल. चौथीनंतर मुलं गिम्नाझिउम, रेआलशुले (दहावीपर्यंतची मधली शाळा), वेर्करेआलशुले (प्रत्यक्ष कामावर भर देणारी शाळा) किंवा गेमाइनशाफ्ट्सशुले (सगळ्यांची एकत्र शाळा) अशा वेगवेगळ्या शाळांत जातात, हे खरं आहे. गिम्नाझिउमचा शेवट आबिटूर या परीक्षेत होतो आणि तिच्या जोरावर विद्यापीठ मिळतं. तुमच्या राज्यात गेल्या काही वर्षांत नियम बदललेत. शिक्षकांचं मत, कॉम्पास ४ नावाची चाचणी आणि आईवडिलांची इच्छा अशा तीन गोष्टी बघतात. तुम्हाला गिम्नाझिउम हवंय, पण शिक्षक आणि चाचणी दोन्ही नाही म्हणाले, तर मुलीला आणखी एक चाचणी द्यावी लागते.

पण ही वाटणी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. रेआलशुलेतून दहावी चांगली झाली की व्यावसायिक गिम्नाझिउममध्ये तीन वर्षं काढून आबिटूर देता येते. गेमाइनशाफ्ट्सशुलेत तर एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळीवर शिकवतात आणि निवड पुढे ढकलली जाते. शिवाय आउसबिल्डुंग आहे. मूल कारखान्यात पगार घेत काम शिकतं आणि त्याच काळात शाळेतही जातं. आपल्याकडे आयटीआय केलेल्या मुलाकडे लोक कसं बघतात ते आपण रोज पाहतो. तिथे आउसबिल्डुंग करून पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन त्या कामातला उस्ताद, झालेल्या माणसाला शॉपफ्लोअरवर खरा मान असतो. आपण दहावी-बारावीच्या टक्क्यांचा चष्मा लावून तिथली शाळा बघतो आणि उगाच घाबरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. सप्टेंबरात मुलगी वयानुसार थेट चौथीत जाईल, म्हणजे शिफारशीच्या वर्षात, आणि तीही जर्मनचा एक शब्द न येता. मुख्याध्यापकांना भेटून तिसरीत घेता येईल का, हे मोकळेपणाने विचारा. इथे 'वर्ष वाया गेलं' म्हणून लोक हळहळतात. तिथे त्याचं कुणाला काही वाटत नाही, आणि भाषा बसायला तेवढा वेळ लागतोच. नवीन मुलांसाठी अनेक शाळांत फोरबेराइटुंग्सक्लास, म्हणजे पूर्वतयारीचा वर्ग असतो. त्यात मुख्यतः जर्मन शिकवतात आणि खेळ, चित्रकला अशा तासांना मुलं नेहमीच्या वर्गात बसतात. तो वर्ग मागितला म्हणून मुलगी 'कच्ची' ठरत नाही.

इंटरनॅशनल शाळेचा खर्च कंपनी देणार असेल आणि तीन वर्षांनी नक्की परतायचं असेल, तर तो मार्ग चुकीचा नाही. तरी मी स्थानिक शाळाच सुचवीन. ती फुकट आहे, बहुधा घरापासून चालत जाण्यासारखी असते, आणि शेजारची मुलंच वर्गात असल्याने मैत्री लवकर जमते.

शाळेकडून सामानाची यादी येईल, ती नीट वाचा. वही म्हणजे नुसती वही नव्हे, रेघांचा नंबर लिहिलेला असतो, 'लिनिआटूर ३' वगैरे. वर्गात घालायच्या चपला वेगळ्या लागतात. शाई-पेन लागेल, त्याची सवय इथूनच करून न्या. आणि एल्टर्नआबेंड, म्हणजे पालकांची संध्याकाळची सभा, चुकवू नका. भाषा कळली नाही तरी दोघांपैकी एकाने त्या छोट्या बाकड्यावर जाऊन बसायचंच. शिक्षकाच्या मताला जिथे एवढं वजन आहे, तिथे शिक्षकाने तुम्हाला चेहऱ्याने ओळखायला हवं.

सुट्ट्यांबद्दल एक सावधगिरी. स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून सुट्टी लागण्याआधी दोन दिवस मुलीला घेऊन भारतात निघालात, तर दंड होऊ शकतो. शाळेत हजेरी कायद्याने सक्तीची आहे, आणि घरी शिकवतो ही सबबही चालत नाही. लग्नकार्य असेल तर लेखी परवानगी मागा.

निघण्यापूर्वी नाशिकमधून दोन कागद नक्की घ्या. पहिला म्हणजे गोवरच्या दोन डोसांची नोंद असलेलं लसीकरण कार्ड. २०२० पासून जर्मनीत शाळेला हा पुरावा दाखवावा लागतो, आणि तारखा पुसट असतील तर तुमच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी नव्याने लिहून घ्या. दुसरा, शाळा सोडल्याचा दाखला. जर्मन शाळा तो बहुधा मागणार नाही, पण परत आल्यावर इथली शाळा मागेल. त्यासोबत तिथलं दर वर्षाचं त्सॉयग्निस, म्हणजे प्रगतिपुस्तकही जपून ठेवा.

मराठी वाचन-लेखन घरी चालूच ठेवा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सीबीएसईसह सगळ्या शाळांत मराठी शिकणं सक्तीचं केलंय, आणि तीन वर्षं सुटलेली मराठी परत आल्यावर मुलीला जड जाईल. रोज एक पान वाचलं तरी पुरे.